पडद्यावरची खोली

मराठीत 'खोली' हा शब्द दोन कामे करतो. विहिरीला असते ती खोली, आणि माणूस भाड्याने घेतो तीही खोली. आज ज्या विषयासंबंधी मला आपल्याशी बोलायचे आहे त्यात हे दोन्ही अर्थ एका जागी आले आहेत. संगणकाचा पडदा म्हणजे सपाट काच. तिच्यात बोटभरही आत शिरता येत नाही. पण त्याच काचेवर एक खोली दिसते, तिच्यापुढे लांबलचक बोळ दिसतो, बोळाच्या टोकाला दार दिसते. आणि समोर बसलेला मुलगा जागचा न हलता त्या बोळातून चालू लागतो, दार उघडतो, पलीकडे जातो. खेळणाऱ्याच्या स्वतःच्या नजरेतून जग दाखवणारे हे संगणकावरचे खेळ. ते प्रथम तयार झाले तेव्हाची यंत्रे आजच्या मानाने अगदीच दुबळी होती. मग त्या दुबळ्या यंत्रांनी ही खोली आणली कुठून, हा आजचा प्रश्न.

एखादे गुरुजी म्हणतील, "प्राध्यापकमहाशय, पोरे आधीच खेळापायी पुस्तकाला हात लावीत नाहीत, त्यात तुम्ही आणखी खेळाचे कौतुक सांगायला बसलात!" गुरुजींची तक्रार खोटी नाही. पण माझेही थोडे ऐका. मी इतिहास शिकवणारा माणूस. माझ्यापुढे दरवर्षी अशी मुले येतात की ज्यांनी असले खेळ शेकडो तास खेळलेले असतात. त्यांना सहज विचारावे, की बाबांनो, शाळेत व्यस्त प्रमाण शिकलात ते कशासाठी? तर ती एकमेकांच्या तोंडाकडे पाहतात. एक जण म्हणतो, "दोन मार्कांसाठी." ज्या खेळापुढे त्यांनी रात्री जागवल्या, तो खेळ म्हणजे तेच दोन मार्कांचे उदाहरण सेकंदाला हजारो वेळा सोडवणारे यंत्र आहे, हे त्यांना कुणी सांगितलेलेच नसते. मला ही गोष्ट खेळाच्या व्यसनाइतकीच काळजीची वाटते.

आधी आपल्या डोळ्याचे काय ते पाहू. भाईंदर स्टेशनात फलाटाच्या टोकाला उभे राहून रुळांकडे नजर टाकली, तर दोन रुळांमधले अंतर दूर जावे तसतसे कमी होत गेलेले दिसते. ते खरोखर कमी झाले तर गाडीच घसरेल! विजेचे खांबही दूरचे ते आखूड दिसतात. शेतात राहणाऱ्यांना हे रुळांवाचूनही माहीत आहे; नांगराची सरळ तासे बांधाकडे जाता जाता जवळ येतात, ती तशीच. ही झाली एक खूण. दुसरी खूण अशी, की जवळची वस्तू दूरच्या वस्तूला झाकते. पेंढीने गोठा झाकला जातो, गोठ्याने पेंढी नव्हे. तेव्हा पेंढी अलीकडे आहे हे तान्हे मूलही जाणते. आणि तिसरी खूण दिसते ती चालत्या गाडीत. आमच्या केबिन रोडवरून निघून लोकलने मुंबईला जाणाऱ्या माणसाने खिडकीबाहेर पाहावे. रुळांलगतचे खांब सटासट मागे पळतात, त्यापलीकडच्या इमारती सावकाश सरकतात, आणि पूर्वेकडचे डोंगर तर जणू आपल्याबरोबरच येत असतात.

या तीन खुणा मिळाल्या की एवढ्याच साक्षीवर मन निकाल देऊन टाकते, की समोर खोली आहे. दोन डोळ्यांना किंचित वेगळी चित्रे दिसतात, त्यावरूनही खोली कळते हे खरे. पण एक डोळा मिटून घेतला म्हणून काही जग सपाट होत नाही. भास उभा करणाऱ्याचे काम त्यामुळे फार सोपे होते. त्याला जग बनवावे लागत नाही. साक्षीदार तेवढे हजर करावे लागतात.

पडदा हा शब्द आपल्याकडे नाटकातून सिनेमात आणि सिनेमातून संगणकावर आला, ही गोष्ट मला अर्थपूर्ण वाटते. विष्णुदास भावे यांनी १८४३ साली सांगलीत 'सीतास्वयंवरा'चा खेळ केला तेव्हा रंगभूमीवर चित्रित देखावे नव्हते. अरण्य आहे असे सूत्रधाराने सांगितले की अरण्य झाले. पुढे संगीत नाटकांच्या वैभवाच्या काळात रंगवलेले पडदे आले. राजवाड्याचे खांब मागे मागे लहान होत गेलेले, फरशीच्या रेषा एका बिंदूकडे धावणाऱ्या. कोल्हापूरचे आनंदराव आणि बाबूराव पेंटर हे बंधू असल्या पडद्यांसाठी नावाजलेले होते; त्याच बाबूरावांनी पुढे सिनेमा काढला. मुंबईत १८५७ साली सर जमशेटजी जीजीभाई यांच्या नावाने कलाशाळा निघाली होती आणि तिथे युरोपीय पद्धतीचे यथार्थदर्शन, म्हणजे दूरचे लहान व जवळचे मोठे काढण्याचे शास्त्र, रीतसर शिकवीत. राजा रविवर्मा यांचा छापखाना १८९४ साली मुंबईत सुरू झाला आणि १८९९च्या सुमारास लोणावळ्याजवळ मळवलीला गेला. त्या छापखान्यातल्या लक्ष्मी-सरस्वतीच्या तसबिरींनी ही खोली खेड्यापाड्यांतल्या देवघरांच्या भिंतींवर नेली. तेव्हा सपाट पृष्ठभागावर खोली पाहण्याची सवय आपल्या आजोबा-पणजोबांना संगणकाच्या कितीतरी आधी लागलेली होती.

मात्र नाटकाच्या पडद्याला एक मर्यादा होती. तो एकाच जागेवरून बरोबर दिसे. पिटातल्या मधल्या खुर्चीवरून राजवाडा, आणि कडेच्या बाकावरून वाकडे खांब! प्रेक्षक जागचा हलला की चित्र नव्याने काढावे लागेल, आणि प्रेक्षक चालू लागला तर ते सेकंदात वीस-पंचवीस वेळा काढावे लागेल. कोणता पेंटर हे करील? ते काम आकडेमोड करणाऱ्या यंत्राचेच.

ही आकडेमोड कोणती, हे सांगण्यासाठी मी तुम्हाला जळगाव जिल्ह्यात चाळीसगावाजवळ पाटण येथे नेणार आहे. तिथे एक शिलालेख आहे, डॉ. भाऊ दाजी लाड यांनी तो प्रकाशात आणला. इ. स. १२०७ मधील त्या लेखात भास्कराचार्यांचा नातू चांगदेव (ज्ञानेश्वरांच्या कथेतला वाघावर बसून आलेला नव्हे, हा यादवांच्या दरबारचा ज्योतिषी) याने आजोबांचे ग्रंथ शिकवण्यासाठी मठ स्थापन केल्याचे नमूद आहे. त्या ग्रंथांपैकी 'लीलावती' हा ११५० सालचा. त्यात त्रैराशिक आहे आणि त्याच्या जोडीला व्यस्त त्रैराशिक आहे: एक राशी वाढली की दुसरी त्याच मानाने घटते. भास्कराचार्यांनी त्याला उदाहरण दिले आहे ते कामाच्या बैलाचे. वय वाढले की किंमत उतरते. याच ग्रंथात छायाव्यवहार म्हणून एक प्रकरण आहे. अमुक उंचीवर दिवा, त्याच्यापासून अमुक अंतरावर बारा अंगुळांचा शंकू, तर सावली किती पडेल? हे गणित सुटते ते समरूप त्रिकोणांवर.

आता दिव्याच्या जागी डोळा ठेवा. समजा, डोळ्यापुढे एका हातावर काच आहे आणि पलीकडे आठ हात उंचीची भिंत. भिंत चार हातांवर असेल तर काचेवर तिचे चित्र दोन हातांचे उमटेल. आठ हातांवर नेली तर एक हाताचे. सोळा हातांवर नेली तर अर्ध्या हाताचे. उंचीला अंतराने भागायचे, बस्स! अंतर दुप्पट, चित्र निम्मे. बैलाच्या किमतीचाच हिशेब.

इथे एक खुलासा केलेला बरा. संगणकाचे खेळ आमच्याकडे बाराव्या शतकातच होते, असे मला मुळीच म्हणायचे नाही. पुराणातल्या विमानांची जी गत होते ती मी भास्कराचार्यांची करणार नाही. त्यांच्यापाशी प्रमाणाचे गणित होते. ते चित्राला लावण्याचा विचार इटलीत, फ्लॉरेन्समध्ये पंधराव्या शतकात झाला, आणि आल्बेर्ती या विद्वानाने १४३५ साली तो ग्रंथात मांडला. चित्र म्हणजे जगाकडे उघडणारी खिडकी, ही कल्पना त्याची. १५२५ साली जर्मन चित्रकार ड्यूरर याने आपल्या पुस्तकात एक मोठे मजेदार ठशाचे चित्र छापले आहे. भिंतीतल्या एका आकड्यातून दोरा येतो. समोर एक उभी चौकट आहे. चौकटीपलीकडे टेबलावर एक तंतुवाद्य ठेवले आहे. एक माणूस दोऱ्याचे टोक वाद्याच्या एकेका बिंदूला टेकवतो, आणि दुसरा तो दोरा चौकटीतून नेमका कुठून गेला त्याची नोंद करतो. असे बिंदू जोडत गेले की वाद्याचे हुबेहूब चित्र तयार. भिंतीतला आकडा हा डोळा, दोरा ही दृष्टी, चौकट हा पडदा. हा दोरा लक्षात ठेवा. तो पुन्हा लागणार आहे.

आता खेळांकडे येऊ. १९७३च्या सुमारास अमेरिकेत, कॅलिफोर्नियातील नासाच्या एम्स संशोधन केंद्रात, काही शाळकरी मुले कामाचा अनुभव घेण्यासाठी येत असत. स्टीव्ह कॉली, ग्रेग थॉम्पसन आणि हॉवर्ड पामर या तिघांनी तिथल्या इम्लॅक नावाच्या यंत्रावर 'मेझ वॉर' हा खेळ उभा केला. मेझ म्हणजे भूलभुलैया. पडद्यावर नुसत्या रेषा. बोळाच्या कडा मध्याकडे धावणाऱ्या, जशा आपण चित्रकलेच्या तासाला पट्टीने ओढतो तशा. चालायचे ते एकेक घर, आणि वळायचे ते काटकोनातच. समोर प्रतिस्पर्धी आला की एक मोठा डोळा दिसे! माणूस काढण्याइतकी यंत्राची ताकद नव्हती. त्याच सुमारास इलिनॉय विद्यापीठाच्या संगणकजाळ्यावर 'स्पासिम' नावाचा अवकाशातला खेळ निघाला; तो १९७४चा, आणि त्यात एका वेळी बत्तीस जण खेळू शकत. १९८० साली अटारी कंपनीचा 'बॅटलझोन' आला, त्यात रणगाड्याच्या खिडकीतून हिरव्या रेषांचे डोंगर दिसत. इंग्लंडात १९८१ साली मिळणाऱ्या एका स्वस्त घरगुती संगणकावर तर कमालच झाली. त्याची मूळ स्मृती एक किलोबाइटची. जोडणी लावून ती सोळा करता येई. एवढ्यात माल्कम इव्हान्स याने एक भूलभुलैया आणि त्यात पाठलाग करणारा डायनोसॉर बसवला. आज खिशातल्या फोनवर येणारा एखादा फोटो याहून शेकडो पटींनी मोठा असतो.

हे सगळे खेळ एक तर रेषांचे होते किंवा घरे मोजत चालणारे. भिंतीला विटा असाव्यात, विटांवर डाग असावेत, आणि आपण वाटेल तसे वळत, धावत सुटावे, हे साधले नव्हते. त्याचे कारण सांगतो. त्या काळच्या घरगुती संगणकाचा पडदा ३२० ठिपके रुंद आणि २०० ठिपके उंच. गुणाकार केला तर ६४,००० ठिपके. प्रत्येक ठिपक्याचा रंग हिशेबाने ठरवायचा आणि तोही सेकंदात अनेक वेळा. आत असे इंटेलचे ३८६ जातीचे प्रोसेसर, आणि साध्या यंत्रात अपूर्णांकांचे गणित करणारी वेगळी चिप नसे. अपूर्णांक आला की यंत्र बैलगाडीच्या चालीने चाले.

'इड सॉफ्टवेअर' या अमेरिकेतील लहानशा मंडळीत जॉन कार्मॅक नावाचा विशी-एकविशीतला तरुण होता. १९९१ साली दोन छोट्या खेळांत त्याने हात बसवून घेतला, आणि ५ मे १९९२ रोजी त्यांचा 'वोल्फेन्स्टाइन थ्री-डी' बाहेर पडला. नावात थ्री-डी, म्हणजे त्रिमिती. पण आत पाहाल तर फक्त चौकटीचा कागद! चौसष्ट घरे आडवी, चौसष्ट घरे उभी. प्रत्येक घर एक तर भिंतीने भरलेले, नाही तर रिकामे. सगळ्या भिंती सारख्याच उंच, सगळे कोपरे काटकोनी. जमिनीला एक रंग, छताला एक रंग. जिना नाही, उतार नाही, वर पाहायची सोय नाही. कार्मॅकने जगातून जे जे काढून टाकता येईल ते सगळे काढून टाकले, आणि व्यस्त प्रमाण तेवढे ठेवले.

ते कसे, पाहा. पडदा म्हणजे ३२० उभ्या पट्ट्या, असे समजायचे. प्रत्येक पट्टीसाठी खेळाडूच्या डोळ्यापासून नकाशावर एक किरण सोडायचा. ड्यूररचा तोच दोरा, आता अदृश्य झालेला. किरण सरळ जातो आणि कोणत्या तरी भिंतीला अडतो. अडला तिथवरचे अंतर मोजायचे. त्या अंतराने भिंतीच्या उंचीला भागायचे. भागाकार येईल तेवढ्या उंचीची उभी पट्टी पडद्याच्या मध्यावर काढायची. पुढची पट्टी, पुढचा किरण. चौसष्ट हजार ठिपक्यांचा प्रश्न असा तीनशेवीस भागाकारांवर आला! या रीतीला संगणकवाले 'रे कास्टिंग' म्हणतात, म्हणजे किरण फेकणे. आपल्या न्यायदर्शनाचे मत असे होते, की डोळ्यातून तेजाचे किरण निघून वस्तूला जाऊन भिडतात आणि म्हणून वस्तू दिसते. भौतिकशास्त्राने ते मत केव्हाच बाद केले; प्रकाश वस्तूकडून डोळ्याकडे येतो. पण संगणकाला नैयायिकांचीच उलटी वाट सोयीची पडली, कारण जे किरण डोळ्यापर्यंत पोचणारच नाहीत त्यांचा हिशेब करण्यात वेळ कशाला घालवा?

किरण भिंत शोधतो तेही चतुराईने. भिंती फक्त चौकटीच्या रेषांवरच असू शकतात, मग रेषांच्या अधेमधे पाहायचेच कशाला? रात्री शेतातून जाणारा माणूस बांधापाशीच थांबून चाचपतो, मधल्या मोकळ्या रानात नाही, तसा किरण एका रेषेवरून पुढच्या रेषेवर उडी मारतो. अपूर्णांकांची अडचण आपल्या वाण्याच्या पद्धतीने सोडवली: पावणेतेरा रुपये असे न लिहिता १२७५ पैसे लिहावेत, म्हणजे सगळे व्यवहार पूर्णांकांत होतात. आणि कोनांची जी कोष्टके लागतात ती आधीच करून स्मृतीत भरून ठेवली. जुन्या शाळांत पावकी, निमकी, औटकी घोकून घेत. ऐन बाजारात बोटे मोजत बसायची वेळ येऊ नये हाच त्यामागचा हेतू. यंत्रालाही पाढे पाठ करायला लावले, झाले!

एक गफलत मात्र टाळावी लागे. तुम्ही लांब, सरळ भिंतीसमोर उभे आहात. मधला किरण भिंतीला सरळ भिडतो, कडेचे किरण तिरके जातात, म्हणून लांब पडतात. त्या लांबीने भागले तर कडेच्या पट्ट्या आखूड येतात आणि सरळ भिंत ढोलाच्या पोटासारखी फुगलेली दिसते. यावर उपाय असा, की किरणाची लांबी घ्यायची नाही, तर भिंत समोरच्या दिशेने किती पुढे आहे तेवढेच घ्यायचे. लीलावतीच्या भाषेत सांगायचे तर कर्ण सोडून कोटी घ्यायची. भूमितीच्या शिक्षकांनी काटकोन त्रिकोण शिकवताना हे उदाहरण जरूर द्यावे. कर्ण आणि कोटी यांत गोंधळ झाला तर भिंती फुगतात, हे मुले जन्मभर विसरणार नाहीत.

विटांचे चित्र चौसष्ट ठिपके रुंद आणि चौसष्ट उंच असे. किरण भिंतीवर ज्या जागी लागला तिथली चित्राची उभी चीर उचलायची आणि हवी तेवढी ताणायची किंवा दाबायची. एका दिशेच्या भिंती किंचित गडद, दुसऱ्या दिशेच्या किंचित उजळ. एवढ्यानेच कोपरा कोपऱ्यासारखा दिसे.

आणि शिपाई, कुत्री, टेबले, दिवे? ती सगळी सपाट चित्रे, पुठ्ठ्यातून कापल्यासारखी. कोकणात कुडाळजवळच्या पिंगुळी गावी ठाकर समाजातील कलावंत चामड्याच्या बाहुल्यांचा खेळ करीत आले आहेत. बाहुली सपाटच असते. पण दिव्याकडे सरकवली की पडद्यावरची सावली मोठी होते आणि पुढे आल्यासारखी वाटते. हेच इथे. शिपाई दूर असला की चित्र लहान, जवळ आला की मोठे. शिपायाची चित्रे आठ बाजूंनी काढलेली, तुम्ही त्याच्या ज्या बाजूला असाल ते चित्र पुढे करायचे. टेबलाचे तर एकच चित्र. त्याच्याभोवती प्रदक्षिणा घातली तर टेबल तोंड फिरवून तुमच्याकडेच पाहत राही. मी हे पहिल्यांदा पाहिले ते नव्वदीच्या दशकात, केबिन रोडवरच्या एका संगणक वर्गात. भारतात सर्वसामान्यांसाठी इंटरनेट १५ ऑगस्ट १९९५ रोजी सुरू झाले. त्याआधी आणि नंतरही काही काळ असले खेळ फ्लॉपीवरूनच फिरत. टेबलाची लबाडी आम्हा मुलांच्या तासाभरात ध्यानात आली. तरीही बोळाचे वळण आले की खेळणारा पोरगा खुर्चीत डावीकडे कलायचा, आणि त्याच्या मागे उभे असलेले आम्ही चौघेही कलायचो. लबाडी कळूनही शरीर फसायचे.

१० डिसेंबर १९९३ रोजी त्याच मंडळींनी 'डूम' काढला, आणि काढून टाकलेल्या पुष्कळ गोष्टी परत आणल्या. भिंती आता कोणत्याही कोनात. जमीन उंचसखल, जिने, खिडक्या, अंगणे. उजेडही आला: कंदील घेऊन अंधाऱ्या गल्लीतून चालताना जवळचे उजळ आणि दूरचे काळोखात बुडालेले दिसते, तसे दूरच्या भिंती काळवंडत नेल्या. खोलीची आणखी एक साक्षीदार मिळाली आणि भीतीही आयती पदरात पडली.

पण भिंती तिरक्या झाल्या म्हणजे चौकटीच्या रेषांवरून उड्या मारण्याची युक्ती गेली. कोणती भिंत कुणाच्या पुढे हे ठरवायचे कसे? इथे कार्मॅकला फुक्स, केडेम आणि नेलर या तिघांनी १९८० साली लिहिलेल्या एका शोधनिबंधाचा आधार मिळाला. त्यातली रीत वाटणीपत्रासारखी आहे. शेताच्या नकाशावर एक रेघ ओढून दोन वाटे करा. प्रत्येक वाट्याचे पुन्हा दोन. असे करत तुकडे सोपे होईपर्यंत जा. ही वाटणी खेळ सुरू होण्याच्या कितीतरी आधी, नकाशा तयार करतानाच होऊन जाते. मग खेळताना प्रश्न एवढाच उरतो, की मी रेघेच्या कोणत्या अंगाला उभा आहे? ज्या अंगाला उभा, तिकडच्या भिंती अलीकडच्या. रेघेपलीकडची कोणतीही भिंत त्यांना झाकू शकत नाही. प्रत्येक रेघेपाशी हा एकच प्रश्न विचारत गेले की सगळ्या भिंती जवळून दूर अशा ओळीने उभ्या राहतात. जवळच्या आधी काढायच्या, आणि पडद्याची जी पट्टी भरली तिच्याकडे पुन्हा वळायचे नाही. सेकंदाला पस्तीसपर्यंत चित्रे यातून निघत.

'डूम'ही खरा त्रिमितीचा नव्हता. त्याचा नकाशा वरून पाहिलेलाच होता, फक्त प्रत्येक तुकड्यावर जमीन किती उंच आणि छत किती उंच हे दोन आकडे लिहिलेले. एका खोलीवर दुसरी खोली, म्हणजे आपली साधी माडी, त्यात बांधता येत नसे. कारण एका जागेला जमीन एकच. मान वर करून पाहण्याचीही सोय नव्हती, आणि ती मुद्दाम नव्हती. मान सरळ असेल तर भिंतीच्या एका उभ्या पट्टीवर सगळीकडे अंतर एकच राहते, जमिनीच्या एका आडव्या रेषेवरही अंतर एकच राहते; म्हणून एका भागाकारात अख्खी रेषा निघते. मान कलली की प्रत्येक ठिपक्याला वेगळा भागाकार. तो खर्च परवडेपर्यंत १९९६ साल उजाडले. त्या वर्षी 'क्वेक' आला आणि त्यात माडीवर माडी चढली, राक्षसदेखील सपाट न राहता अंगपिंडाचे झाले. पुढे असल्या भागाकारांसाठीच वेगळी चिप बसवलेली कार्डे बाजारात आली आणि ती काटकसरीची विद्या मागे पडली.

या खेळांत बंदुका होत्या, रक्त होते, हे मी लपवणार नाही. लहान मुलांच्या हाती ते द्यावेत असेही मी म्हणणार नाही. पण १९९५ साली 'वोल्फेन्स्टाइन'चा आणि १९९७च्या डिसेंबरात 'डूम'चा मूळ आज्ञासंच कर्त्यांनी सर्वांना खुला केला. जादूगाराने आपली पेटी उघडून दाखवावी असा हा प्रकार. पेटीत बंदूक नाही. आठवीच्या पुस्तकातले व्यस्तचलन आणि दहावीच्या पुस्तकातली समरूपता आहे.

ज्या शाळेत संगणक नाही, किंवा आहे पण वीज नाही, त्या शाळेतही हे दाखवता येते. फरशीचा व्हरांडा घ्या. काही फरश्यांवर दप्तरे रचून भिंती करा, सगळ्या काटकोनात. एका मुलीला एका फरशीवर उभी करा, तिने पायाशी सुतळीचे टोक धरावे. समोरच्या नऊ दिशा खडूने आखा. प्रत्येक दिशेने सुतळी ताणून ती कोणत्या दप्तराला अडते ते पाहा, आणि ते दप्तर समोरच्या दिशेने किती फरश्या पुढे आहे तेवढेच मोजा; कर्ण नको, कोटी. मग १२० ला त्या संख्येने भागा. भागाकार येईल तितक्या सेंटिमीटरची उभी रेघ फळ्यावर काढा, निम्मी मध्यरेषेच्या वर, निम्मी खाली. नऊ रेघा झाल्या की त्यांची डोकी जोडा, पाय जोडा. फळ्यावर बोळ दिसू लागेल. दिसला की मुलीला एक फरशी पुढे सरकायला सांगा आणि नऊच्या नऊ रेघा पुसून नव्याने काढा. मुले कंटाळतील; कंटाळू द्यावीत, म्हणजे यंत्र काय करते ते त्यांना कळेल. आणि दुसऱ्या दिवशी दोन दप्तरे मुद्दाम तिरकी ठेवून पाहा. सुतळी आता फरशीच्या रेघेवर न अडता भलतीकडेच अडेल. ती जागा हिशेबाने कशी शोधायची, हे त्यांचे त्यांना भांडू द्या.